‘कोणती गोळी सुरू आहे?’ : आमच्या तालुक्यातील एका रक्त-तपासणी लॅबविषयी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी, एसटी स्थानकामागच्या गल्लीत, खत-बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर एक पॅथॉलॉजी लॅब आहे. गेल्या सव्वा वर्षात मी तिथे चौदा वेळा गेलो. त्यांतल्या अकरा खेपा घरातल्या दोन माणसांसाठी होत्या आणि दोन्ही वेळी प्रश्न एकच होता : घेतलेल्या औषधाने रक्तातल्या प्लेटलेटचे, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक कणांचे, काही बिघडवले आहे काय? लॅबचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही करायच्या आहेत आणि गाव लहान आहे. ज्यांना ओळखायचे ते जिन्यावरून ओळखतील. पाचपैकी चार गुण देतो आणि कारणे सांगतो.

आधी जिन्याचेच सांगतो. तो अरुंद आहे, कठडा एकाच बाजूला आहे आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाने तो चढून जावा अशी अपेक्षा ठेवणे हा अन्याय आहे. खालच्या दुकानात निरोप ठेवला तर लॅबमधली मुलगी खाली येऊन रक्त घेऊन जाते, पण ही सोय कुठेही लिहिलेली नाही. विचारणाऱ्यालाच ती कळते. लॅब सकाळी साडेसातला उघडते आणि दुपारी दोन ते चार बंद असते. सीबीसीचे, म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींच्या मोजणीचे, अडीचशे रुपये घेतात, आणि रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून डोळ्यांनी पाहायचा असेल तर शंभर रुपये वेगळे. भारनियमनात यंत्र इन्व्हर्टरवर चालते, पंखा मात्र चालत नाही, त्यामुळे मे महिन्यात तिथे बसणे म्हणजे शिक्षाच.

आता मुख्य गोष्ट. मागच्या वर्षी पोळ्याच्या आठ दिवस आधी माझ्या भाऊजींना लघवीला जळजळ सुरू झाली. सोयाबीनवर फवारणी चालू होती, वावर सोडून दवाखान्यात जायला त्यांना सवड नव्हती, म्हणून त्यांनी एका औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय कोट्रायमॉक्साझोल या प्रतिजैविकाच्या वीस गोळ्या आणल्या आणि सकाळ-संध्याकाळ एक याप्रमाणे घ्यायला सुरुवात केली. हे औषध शेड्यूल एचमधले आहे, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते विकता येत नाही. पण आमच्याकडे चिठ्ठी मागणारा दुकानदार गिऱ्हाईक गमावतो, हेही तितकेच खरे. जळजळ तिसऱ्या दिवशी थांबली. एरवी बरे वाटले की गोळी खिडकीत टाकून देणाऱ्या आमच्या भाऊजींनी या वेळी मात्र ‘कोर्स पुरा करावा’ हा उपदेश मनावर घेतला आणि गोळ्या चालू ठेवल्या.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी नातवाचा लाकडी बैल सजवायला ते ओसरीत मांडी घालून बसले, तेव्हा बहिणीचे लक्ष त्यांच्या नडग्यांकडे गेले. टाचणीने टोचावे तसे शेकडो लालजांभळे ठिपके गुडघ्यापासून घोट्यापर्यंत उमटले होते. ते खाजत नव्हते, हाताला लागत नव्हते आणि बोटाने दाबले तरी पुसट होत नव्हते. दात घासताना रक्त आले होते, ते त्यांनी सांगितलेच नव्हते. तोंड उघडायला लावले तर गालाच्या आतल्या बाजूला तुरीच्या दाण्याएवढे दोन काळपट फोड दिसले. ताप नव्हता, अंगदुखी नव्हती. भूक तर इतकी चांगली होती की आदल्या दिवशीच्या उरलेल्या पुरणपोळ्या त्यांनी सकाळीच संपवल्या होत्या.

गावाचे निदान दहा मिनिटांत झाले : डेंगू, ‘पेशी’ कमी झाल्या. पावसाळा सरता सरता आमच्याकडे हा शब्द घरोघरी असतो, आणि ‘पांढऱ्या पेशी’ म्हणून लोक ज्यांच्याविषयी बोलतात त्या बहुतेक वेळा पांढऱ्या पेशी नसून प्लेटलेट असतात. शेजारून पपईच्या पानांचा रस आला, कोणी किवी आणायला मोटारसायकल काढली, कोणी शेळीचे दूध पाहू लागले. मी भाऊजींना घेऊन तालुक्याला गेलो.

या लॅबला मी चार गुण का देतो, याचे उत्तर पुढच्या पाच मिनिटांत आहे. काउंटरवरच्या मुलीने सुई हातात घेण्याआधी विचारले, “काका, मागच्या पंधरा दिवसांत कोणकोणती गोळी घेतली? बंद केली असली तरी सांगा.” भाऊजी म्हणाले, “बीपीची हाय जी, ते तं दहा वर्सांपासून हाय.” मुलगी तेवढ्यावर थांबली नाही. मेडिकलमधून काही आणले का, शेजाऱ्याची घेतली का, सुई टोचून घेतली का, काढा किंवा वैदूची पुडी घेतली का, असे तिने एकेक करून विचारले. चौथ्या प्रश्नाला भाऊजी म्हणाले, “लघवीच्या गोया हायेत न, पर त्या का दवाईत धरतेत काय?” तिने गोळीचे नाव, पहिल्या गोळीची तारीख आणि शेवटच्या गोळीची वेळ नमुन्याच्या कागदावर लिहून घेतली. गेल्या तीस वर्षांत मी बऱ्याच लॅबमध्ये गेलो आहे. हा प्रश्न इतका चिवटपणे विचारलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

यंत्राने प्लेटलेटचा आकडा 8,000 दाखवला. निरोगी माणसात एका मायक्रोलिटर रक्तात साधारण 1,50,000 ते 4,50,000 प्लेटलेट असतात, यावरून तो किती खाली होता ते कळेल. हिमोग्लोबिन 12.6 होते आणि पांढऱ्या पेशी 7,200, म्हणजे दोन्ही जवळजवळ ठीकच. पण मुलीने तो आकडा लगेच छापला नाही. सीबीसीच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचे रसायन असते, आणि काही माणसांच्या रक्तात त्या रसायनामुळेच प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे बनतात. यंत्र गठ्ठ्याला एक प्लेटलेट म्हणून मोजत नाही, आणि आकडा खोटाच खाली जातो. म्हणून तिने निळ्या टोपणाच्या, सायट्रेट असलेल्या नळीत दुसऱ्यांदा रक्त घेतले. या नळीतल्या द्रवामुळे रक्त थोडे पातळ होते, त्यामुळे आलेल्या आकड्याला 1.1 ने गुणावे लागते. यंत्राने 7,000 दाखवले. गुणाकार करून तो 7,700 झाला. आकडा खरा होता.

मग तिने काचपट्टी केली. थेंब टेकवून दुसऱ्या पट्टीच्या कडेने तो पुढे ओढला, तेव्हा जिभेच्या टोकासारखी पातळ गुलाबी शेपटी काचेवर उमटली. ती वाळवून लेशमनच्या रंगात ठेवली, धुतली आणि तेल लावून मोठ्या भिंगाखाली धरली. मला पाहायचे असेल तर पाहा म्हणाली, म्हणून मी डोळा लावला. जांभळट छटेच्या लाल पेशी अंगणात वाळत घातलेल्या पापडांसारख्या पसरलेल्या होत्या. त्यांच्यामध्ये एरवी राळ्याच्या कण्यांसारखे दहा-पंधरा जांभळे ठिपके एका दृष्टिक्षेपात दिसायला हवेत; तिने दहा ठिकाणी पट्टी सरकवली आणि सगळ्या मिळून चार सापडले. गठ्ठे कुठेच नव्हते. अहवालात तिने आणखी एक वाक्य घातले : तुटक्या लाल पेशी दिसल्या नाहीत. त्या वाक्याची किंमत मला नंतर कळली.

त्या दिवशी पॅथॉलॉजिस्ट बाई लॅबमध्ये होत्या, हे आमचे नशीब. त्या आठवड्यातून तीनच दिवस येतात. लॅबच्या अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचीच सही हवी, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय डिसेंबर 2017 मध्ये झाला, आणि ग्रामीण भागात तो कसा पाळला जातो यावर वेगळे लिहिता येईल. इथे तरी सही करणाऱ्या बाईंनी काचपट्टी स्वतः पाहिली, आम्हाला ‘गोळी बंद करा’ असे परस्पर न सांगता आमच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि आमच्यासमोरच म्हणाल्या, “फक्त प्लेटलेट पडल्यात, बाकी दोन्ही ओळी, लाल आणि पांढऱ्या पेशी, ठीक आहेत, ताप नाही, आणि कोट्रायमॉक्साझोलचा नववा दिवस आहे.” डॉक्टरांनी फोनवरच ती गोळी थांबवायला आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यायला सांगितले. आमच्या भागात अशा वेळी ‘सेवाग्रामला न्या’ किंवा ‘नागपूरला न्या’ हीच दोन वाक्ये उच्चारली जातात; आम्ही त्यांतले एक ऐकले.

नववा दिवस का महत्त्वाचा, हे रुग्णालयात कळले. एखादे औषध पहिल्यांदाच घेतले असेल तर शरीराला त्याविरुद्ध प्रतिपिंड (अँटिबॉडी) तयार करायला साधारण पाच ते दहा दिवस लागतात. म्हणून प्लेटलेट पडतात त्या पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यात. पूर्वी ते औषध घेऊन प्रतिपिंड आधीच तयार झालेले असतील, तर पुढच्या खेपेला एका गोळीवर काही तासांतच हे घडू शकते. हे प्रतिपिंडही विचित्र असतात. औषध नसताना ते प्लेटलेटला धरत नाहीत, किंवा धरले तरी सैल धरतात. जू बैलाच्या मानेवर नुसते ठेवले तर बैलाने मान खाली घातली की ते निसटते. शिवळ, म्हणजे जूतली खुंटी, घातली की ते पक्के बसते, आणि शिवळ काढली की बैल मोकळा. इथे जू म्हणजे प्रतिपिंड, मान म्हणजे प्लेटलेटच्या पृष्ठभागावरचे प्रथिन, आणि शिवळ म्हणजे औषध. जू बसलेल्या प्लेटलेट शरीरातून, मुख्यतः प्लीहेत, गोळा करून नष्ट केल्या जातात. औषध शरीरातून उतरले की हा खेळ संपतो. म्हणून उपचारात पहिला भाग औषध बंद करण्याचा असतो आणि पुष्कळदा तोच पुरतो.

हे ज्ञान काही नवे नाही. 1865 साली व्हायपन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी क्विनीन घेतल्यावर अंगावर असे ठिपके उठतात, हे ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते. 1949 मध्ये अ‍ॅक्रॉइड यांनी सेडॉर्मिड नावाच्या झोपेच्या गोळीवर काम करून दाखवले की रुग्णाच्या रक्तात ते औषध मिसळले तरच प्लेटलेट नष्ट होतात, औषधावाचून होत नाहीत. क्विनीनचे नाव आमच्या विदर्भात परके नाही. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मलेरिया असल्याने दोन पिढ्यांनी ती कडू गोळी चाखलेली आहे. आता गंभीर मलेरियाला आर्टेसुनेट देतात, पण क्विनीन पूर्णपणे हद्दपार झालेले नाही. आणि क्विनीनची गंमत (खरे तर गंमत हा शब्द इथे शोभत नाही) अशी की काही माणसांत त्याविरुद्धचे प्रतिपिंड प्लेटलेटवर थांबत नाहीत. ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींनाही धरतात. अस्तर दुखावले की बारीक वाहिन्यांत गुठळ्यांची जाळी बसते, त्या जाळीतून जाताना लाल पेशी चिरतात, आणि मूत्रपिंडे बंद पडू लागतात. भिंगाखाली दिसणाऱ्या तुटक्या लाल पेशी ही त्याची खूण. ‘तुटक्या लाल पेशी दिसल्या नाहीत’ असे लॅबने लिहिले, तेव्हा भाऊजींच्या वाहिन्यांचे अस्तर बहुधा शाबूत आहे, असा निरोप रुग्णालयातल्या डॉक्टरांना मिळाला होता. शंभर रुपयांत यापेक्षा जास्त काय मागावे?

भाऊजी रुग्णालयात तीन दिवस होते. डेंगूची तपासणी निगेटिव्ह आली. प्लेटलेटच्या पिशव्या सांगून ठेवल्या होत्या, त्या द्याव्या लागल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आकडा 19,000 होता. घरी आल्यावरची मोजणी पुन्हा याच लॅबने केली, चौथ्या दिवशी 68,000 आणि सातव्या दिवशी 1,72,000. कोणत्या औषधाविरुद्ध प्रतिपिंड आहेत हे थेट दाखवणारी चाचणी मोजक्याच ठिकाणी होते. एरवी औषध थांबवल्यावर आकडा असा चढतो, हाच पुरावा धरतात. पपईच्या पानांचा रस पाठवणाऱ्या शेजाऱ्यांनी अर्थातच श्रेय त्या रसाला दिले, आणि भाऊजींनी तो एक घोटही घेतला नव्हता हे सांगायला माझी बहीण विसरली नाही.

दुसरा अनुभव माझ्या थोरल्या आत्याचा. गेल्या फेब्रुवारीत ती गोठ्यात घसरून पडली, खुबा मोडला आणि नागपूरला शस्त्रक्रिया झाली. पायात गुठळी होऊ नये म्हणून पोटाच्या कातडीत रोज एक हेपरिनचे इंजेक्शन द्यायचे होते, आणि ती उरलेली इंजेक्शने घेऊनच आम्ही घरी आलो. दर दोन-तीन दिवसांनी प्लेटलेट मोजायला सांगितले होते. ते का, हे डिस्चार्जच्या कागदावर नव्हते. आम्हाला वाटले, रक्त पातळ करणाऱ्या औषधाने रक्तस्राव तर होत नाही ना, हे पाहायचे असेल.

पहिल्या इंजेक्शनपासून आठव्या दिवशी लॅबच्या अहवालात 1,18,000 हा आकडा आला. भाऊजींचे 8,000 पाहिलेल्या माणसाला त्यात घाबरण्यासारखे काहीच दिसत नव्हते. पण काउंटरवरच्या त्याच मुलीने शस्त्रक्रियेआधीचा कागद मागून घेतला. त्यावर 2,64,000 होते. तिने कॅल्क्युलेटरवर हिशोब केला : निम्म्याहून जास्त उतरले. पुन्हा डॉक्टरांना फोन गेला, आणि हेपरिन थांबले.

हेपरिनचा प्रकार कोट्रायमॉक्साझोलपेक्षा अगदी वेगळा आहे, आणि मला तर तो जास्त भीतिदायक वाटतो. प्लेटलेटमधून ‘प्लेटलेट फॅक्टर 4’ नावाचे एक प्रथिन बाहेर पडते. हेपरिन त्याला चिकटून त्याचे मोठे पुंजके बनवते, आणि काही रुग्णांत शरीर त्या पुंजक्यांविरुद्ध प्रतिपिंड तयार करते. या प्रतिपिंडांची शेपटी प्लेटलेटवरच्या एका खोबणीत (रिसेप्टरमध्ये) अडकते आणि प्लेटलेट मरण्याऐवजी चेतवल्या जातात. त्या आणखी प्रथिन सोडतात, आणखी पुंजके बनतात. शिवाय वाहिन्यांच्या अस्तरावर हेपरिनसारख्याच साखळ्या असतात. तेच प्रथिन तिथेही जाऊन बसते आणि प्रतिपिंड अस्तरालाही धरतात. प्रतिपिंड अस्तराला धरतात एवढे 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. ज्या अस्तराने रक्त सुरळीत वाहू द्यायचे, तेच गुठळीला आमंत्रण देऊ लागते. म्हणून इथे प्लेटलेट कमी होतात आणि तरीही सहसा रक्तस्राव होत नाही, उलट रक्त गोठते : पायाच्या शिरेत, फुप्फुसात, कधी धमनीत. गुठळी टाळायला दिलेल्या औषधाने गुठळी! 1958 मध्ये वाइजमन आणि टोबिन या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी हेपरिन घेणाऱ्या रुग्णांत धमन्या तुंबल्याची नोंद केली, आणि त्यामागे प्लेटलेट फॅक्टर 4 आहे हे कळायला 1992 उजाडले.

यामुळे उपचारही उलटे वाटतात. रक्तस्राव नसताना प्लेटलेटच्या पिशव्या सहसा चढवत नाहीत, कारण ते आगीत सरपण टाकण्यासारखे होईल. हेपरिन नुसते थांबवूनही भागत नाही. गुठळीचा धोका पुढेही राहतो, म्हणून दुसऱ्या जातीचे रक्त पातळ करणारे औषध द्यावे लागते. सलाइनची नळी धुवायला वापरतात तेवढे हेपरिनही चालत नाही. आत्याला फोंडापॅरिनक्स सुरू केले, पायाची डॉप्लर तपासणी झाली, तिच्यात गुठळी नव्हती.

प्रतिपिंडांच्या चाचणीबाबत लॅबने जे केले ते मला विशेष आवडले. “हे आमच्याकडे होत नाही, मुंबईला पाठवावे लागेल, चार दिवस लागतील,” असे त्यांनी सरळ सांगितले. मधल्यामध्ये आमच्याकडे होते असे भासवून दुपटीने पैसे घेणाऱ्या जागा मी पाहिल्या आहेत. नमुना बर्फाच्या डब्यात गेला आणि अहवाल निगेटिव्ह आला. या चाचणीचा गुण असा की ती निगेटिव्ह आली तर हेपरिनचा हा आजार बहुतेक नाहीच असे समजतात. पॉझिटिव्ह आली तर मात्र आणखी पडताळावे लागते. प्लेटलेट पडण्याचे कारण शेवटी डॉक्टरांनी जखमेतल्या संसर्गाला दिले, आणि तो आटोक्यात आल्यावर आकडा दोन लाखांवर गेला. म्हणजे लॅबची शंका खोटी ठरली. तरीही शंका घेणे बरोबरच होते, कारण त्या चार दिवसांत हेपरिन चालू ठेवले असते आणि शंका खरी निघाली असती, तर पाय किंवा जीव गेला असता. माझा पुतण्या म्हणतो की फुकट खर्च झाला. त्याच्याशी मी वाद घालत नाही.

आता उणे गुण. पहिली तक्रार अहवालाच्या छपाईची. यंत्र ठरावीक मर्यादेखालच्या आकड्यापुढे तांबड्या शाईत ‘एल’ (लो, म्हणजे कमी) छापते, पण आधीच्या आकड्याशी तुलना करत नाही. आत्याचा आकडा 4,00,000 वरून 1,70,000 वर आला असता तर कागदावर काहीच उमटले नसते, आणि हेपरिनच्या बाबतीत पाहायची ती घसरणच. काउंटरवरच्या मुलीने जुना कागद मागितला हा तिचा गुण, लॅबचा नव्हे. त्यांच्या संगणकात आत्याच्या आधीच्या दोन मोजण्या पडून होत्या. त्या नव्या अहवालाखाली एका ओळीत छापल्या तर काय बिघडेल? मी हे दोनदा सुचवले. ‘सॉफ्टवेअरवाल्याला सांगतो’ हे उत्तर दोन्ही वेळा मिळाले.

दुसरी तक्रार भाषेची. अहवाल पूर्णपणे इंग्रजीत असतो. निदान तातडीने डॉक्टरांकडे जा, एवढी एक ओळ मराठीत छापायला हरकत नसावी. भाऊजींसारखा माणूस एकटा आला असता तर 8,000 चा कागद घडी घालून टोपीत ठेवून वावरात गेला असता.

तिसरी तक्रार घरी येऊन रक्त नेणाऱ्या सेवेची, आणि ती गंभीर आहे. मुलगा वेळेवर येत नाही, हे सोडून देतो. पण मार्चच्या अखेरीस, दुपारी बारा वाजता, तो आत्याच्या रक्ताची नळी शर्टाच्या खिशात घालून बारा किलोमीटर मोटारसायकलवर घेऊन जाताना मी पाहिला. त्या उन्हात नळी तापते, पेशी फुटतात, आणि आकड्यावर विश्वास कसा ठेवायचा? फोन करून सांगितल्यावर त्यांनी पुन्हा रक्त घेतले, पैसे घेतले नाहीत, आणि पुढच्या खेपेला त्याच्याकडे थर्मोकोलचा डबा होता. तो डबा त्याच्याकडे आधीपासूनच असायला हवा होता. सेवा घ्यायचीच असेल तर सकाळी आठच्या आत बोलवा आणि डबा आहे का ते पाहा.

एक गोष्ट ग्राहक म्हणून मला लॅबच्या भिंतीवरच्या कागदाने शिकवली. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून चालू आहे, त्याचे काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालते, आणि त्याचा 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांक आहे. रुग्णाला स्वतः भरता येईल असा मराठी अर्जही मिळतो. भाऊजींचा अर्ज मी भरला. त्यात औषधाचे नाव, सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख विचारतात. या दोन्ही तारखा आमच्याकडे होत्या त्या लॅबच्या मुलीने लिहून घेतल्यामुळेच. औषध दुकानाचे बिल विचाराल तर ते मिळालेच नव्हते.

सव्वा वर्षातल्या एकाही खेपेला या लॅबने न सांगितलेली तपासणी गळ्यात मारली नाही, हेही नोंदवतो. फुल बॉडी चेकअपची जाहिरात जिन्यात लावलेली आहे खरी, पण काउंटरवर तिचा आग्रह होत नाही. रविवारी लॅब बाराला बंद होते, आणि पॅथॉलॉजिस्ट बाई येण्याचे दिवस सोमवार, बुधवार आणि शुक्रवार आहेत. काचपट्टी पाहून घ्यायची असेल तर याच दिवशी जावे.

निघताना त्यांनी भाऊजींना एक कार्ड करून दिले. औषधाच्या कंपनीगणिक नावे बदलतात म्हणून त्यावर दुकानातले नाव न लिहिता ‘सल्फामेथॉक्साझोल व ट्रायमेथोप्रिम’ असे घटकांचेच नाव मोठ्या मराठी अक्षरांत लिहिले, खाली ‘या औषधाने प्लेटलेट 8,000 झाल्या, पुन्हा देऊ नये’ अशी ओळ आणि तारीख घातली, आणि डॉक्टरांची सही घेऊन या म्हणून सांगितले. लॅमिनेशनचे वीस रुपये घेतले. भाऊजी ते शर्टाच्या आतल्या खिशात आधार कार्डाला लावून ठेवतात, आणि एसटीत ज्येष्ठांचे अर्धे तिकीट काढताना निम्म्या वेळा कंडक्टरच्या हातात तेच देतात. कंडक्टर ते वाचतो, त्यांच्याकडे पाहतो आणि तिकीट फाडतो.